कितवीपर्यंत

रविवारी दुपारी जेवणं आटोपली, पण टेबलावरून कुणी उठेना. हेडमास्तरांच्या बायकोनेही ताटं उचलायला हात पुढे केला नाही. इतक्या वर्षांच्या संसारात तिला एक कळून चुकलं होतं. या घरात कामाचं बोलणं उष्टी ताटं समोर असतानाच होतं. ती उचलली की नवरा वर्तमानपत्राआड जातो आणि मुलं आपापल्या खोल्यांत.

नवरा निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली होती, तरी सगळं शहर त्याला अजून हेडमास्तरच म्हणे. त्याच्या समोरच्या खुर्चीत त्याची थोरली बहीण बसली होती. अक्का. एकाहत्तर वर्षांची. अडतीस वर्षं तिने इस्पितळाच्या धुलाईखान्यात काढली होती, शेवटची पंधरा मुकादम म्हणून. सोड्याच्या पाण्याने तिच्या बोटांची कातडी कायमची पांढरी पडली होती. त्या बोटांनी तिने चौघडी घातलेला कागद उलगडला आणि टेबलावर हाताने दाबून सपाट केला.

"उद्या तीनपर्यंत मुदत आहे," ती म्हणाली. "अर्ज भरून झालाय. एक रकाना तेवढा राहिलाय."

कुठला रकाना, हे कुणी विचारलं नाही. नगरसभेच्या निवडणुकीला उभं राहायचं तर आठवी पास झाल्याचा दाखला जोडावा लागे. नियम तीनच वर्षांपूर्वीचा. तो ज्या समितीने सुचवला तिचा अध्यक्ष याच टेबलाशी पाण्याचा पेला बोटांनी फिरवत बसला होता.

हेडमास्तरांच्या बायकोला तो सत्काराचा दिवस आठवला. नगरसभेच्या सभागृहात नवरा उभा राहून म्हणाला होता, "कारभार शिकलेल्या हातांत द्या, शहर आपोआप शहाणं होईल." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तिसऱ्या रांगेत बसलेल्या अक्काने सर्वांत जास्त. भावाचं कौतुक होतं ना! त्या वाक्यात आपणही आहोत हे तिला तेव्हा कळलं नसावं. किंवा कळूनही तिने टाळ्या वाजवल्या असतील. अक्काचं काही सांगता येत नसे.

"अप्पा," मुलगा म्हणाला. तो नगरसभेच्या कचेरीत कारकून होता आणि महिनाभर निवडणुकीच्या खिडकीवर बसत होता. "शाळेचं जुनं दप्तर आपल्याच कपाटात आहे. दाखल्यांचे कोरे कागद आहेत, शिक्का आहे. दुसरी प्रत म्हणून तुमच्या काळातली तारीख घाला आणि सही करा. अर्ज माझ्याच खिडकीवर येणार. कोण बघतंय?"

"मी बघतेय," त्याची धाकटी बहीण म्हणाली. घरात तिला सगळे छोटी म्हणत. वडील ज्या शाळेचे हेडमास्तर होते त्याच खालच्या वस्तीतल्या शाळेत ती आता शिकवत होती. "परवा एका मुलीने शेजारणीचं बघून लिहिलं म्हणून मी तिला वर्गाबाहेर उभी केली. आणि आपण इथे जेवणाच्या टेबलावर दाखले छापायचे?"

"शाळाच राहिली नाही तर उभी कुणाला करशील?"

छोटीने ताट बाजूला सारलं. तिची शाळा बंद करायचा ठराव नव्या नगरसभेच्या पहिल्याच बैठकीत येणार होता. मग खालच्या वस्तीतल्या मुलांना हमरस्ता ओलांडून दोन मैल चालावं लागणार होतं. वस्तीतून उभा राहिलेला उमेदवार एकच. लाकडाच्या वखारीचा मालक. शाळेची भिंत आणि त्याच्या वखारीची भिंत एकच होती, आणि त्याला जागा अपुरी पडत होती. वस्तीत आठवी पास झालेली माणसं शोधायला अक्का पंधरा दिवस दारोदार फिरली होती. सहा सापडली. त्यांतली चार वखारीत कामाला होती. उरलेल्या दोघांनी हात जोडले.

दाखल्याची कल्पना मुलाची नव्हती. शुक्रवारी स्वयंपाकघरात आईनेच ती त्याच्या डोक्यात भरवली होती. आता तिने नवऱ्याकडे पाहिलं नाही. ती अक्काला म्हणाली, "अक्का, पाणी देऊ का अजून?"

*

मुलाला वाटलं होतं, अप्पा ओरडतील. ते ओरडले नाहीत. त्यांनी पेला खाली ठेवला.

"मी आयुष्यात खोटा दाखला दिलेला नाही. एका फौजदाराने पोराचं वय कमी करून मागितलं होतं, त्यालाही नाही."

"फौजदाराची गोष्ट वेगळी. ही तुमची बहीण आहे."

"म्हणूनच. आपल्या माणसासाठी वाकवला तर तो नियम कसला?"

"पण अप्पा, तो नियम बरोबर आहे का?" छोटी म्हणाली. आवाज हळू होता, पण मुलाने दचकून तिच्याकडे पाहिलं. दोन मिनिटांपूर्वी ती वडिलांच्या बाजूने बोलत होती. "माझ्या वर्गात मी शिकवते, प्रत्येकाला एक मत. मुलं विचारतात, मग उभं कोण राहू शकतं? मी पान उलटते."

"मुलांना मोठं होऊन आठवी करायला कुणी अडवलंय?"

"हमरस्त्यापलीकडे शाळा गेल्यावर हमरस्ताच अडवेल."

"तुला काय वाटतं, मी हे मुद्दाम केलं?" हेडमास्तरांचा आवाज चढला. "नगरसभेत वीस वर्षं अंगठेबहाद्दर बसत होते. कागद कुणी पुढे सरकवला की त्यावर अंगठा. नदीकाठची जमीन कशी गेली? वाचता येत नव्हतं म्हणून गेली. मला वाटलं, वाचता येणारी माणसं आत गेली तर..."

"मग आली ना वाचता येणारी," छोटी म्हणाली. "शाळा बंद करायचा ठराव किती शुद्ध लिहिलाय बघा. एक काना चुकलेला नाही."

आईने एक शीत बोटाने ताटाच्या कडेला सरकवलं.

"मला जरा बोलू द्याल का?" अक्का म्हणाली. "बाळू, तुला आठवतं, तू शाळेतून आलास की मी विचारायची, आज काय शिकवलं?"

हेडमास्तरांना बाळू म्हणणारं जगात एकच माणूस उरलं होतं.

"आठवतं."

"मी चौथी पास झाले आणि आई अंथरुणाला खिळली. तू पहिलीत होतास. कुणीतरी घरी राहायला हवं होतं, मी राहिले. त्याचं मला काही नाही. तू रोज यायचास आणि मला शिकवायचास. अगदी मास्तरच्या ऐटीत, हातात फूटपट्टी घेऊन. पाच वर्षं. मला आधीचं येतच होतं, पण तुला बरं वाटावं म्हणून चुकायची. नंतर पाचवीचं सुरू झालं, मग मी खरंच शिकायला लागले. मग अपूर्णांक आले."

मुलाने वडिलांकडे पाहिलं. ही गोष्ट त्याने कधी ऐकली नव्हती. वडिलांची नजर मात्र टेबलावर होती. गोष्ट पुढे कुठे जाते हे त्यांना ठाऊक होतं.

"एक दिवस मी म्हटलं, परत सांग, मला नाही समजलं. तू म्हणालास, राहू दे, तुला नाही कळणार. आणि खेळायला पळालास. दुसऱ्या दिवसापासून शिकवलंच नाहीस."

"अकरा वर्षांचा होतो मी, अक्का."

"अरे, राग नाही रे. पोरच होतास. पुढे धुलाईखान्यात एक तृतीयांश सोडा, दोन तृतीयांश पाणी करायची वेळ आली तेव्हा आपसूक कळले अपूर्णांक. अवघड काही नव्हतं त्यात." ती अर्जाकडे बघून म्हणाली, "तुझा नियम वाचला तेव्हा वाटलं, हा पुन्हा तेच म्हणतोय."

खुर्ची मागे सरकल्याचा आवाज झाला. हेडमास्तर उठले, आतल्या खोलीत गेले. कपाटाच्या कुलपात किल्ली फिरली.

त्या आवाजासरशी मुलगा खुर्चीत पुढे सरकला. आत्तापर्यंत अप्पा नाहीच म्हणणार, याच भरवशावर तो बोलत होता. आता त्याला खिडकी दिसली, खिडकीमागची आपली खुर्ची दिसली, दाखला उजेडात धरून पाहणारा निवडणूक अधिकारी दिसला. अठरा वर्षांची नोकरी.

"आई," तो हळूच म्हणाला, "आपण जरा... म्हणजे, वखारवाला हरकत घेईल. तो गप्प बसणार आहे का?"

"शुक्रवारी नाही सुचलं हे?" आई म्हणाली. तिच्या आवाजात एवढी चीड त्याने पूर्वी ऐकली नव्हती.

*

हेडमास्तरांनी टेबलाच्या रिकाम्या टोकाला दोन वस्तू आणून ठेवल्या. कोऱ्या दाखल्यांचं पुस्तक आणि कापडी बांधणीचा जुना पट. दाखल्यावर पटाचा अनुक्रमांक लागतो. तो खरा असायला हवा, बाकी सगळं खोटं असलं तरी.

पान सापडायला वेळ लागला नाही. साठ वर्षांपूर्वीची शाई तपकिरी झाली होती. अक्काचं नाव, जन्मतारीख, प्रवेशाची तारीख. चौथी, वर्गात पहिली. आणि शेवटच्या रकान्यात कुणा विसरल्या गेलेल्या मास्तरांच्या वळणदार अक्षरात शाळा सोडण्याचं कारण: स्वखुशीने.

त्यांनी ते दोनदा वाचलं. बावीस वर्षं त्यांनी स्वतः हा रकाना भरला होता. काही लिहायला सुचलं नाही की ते हाच शब्द लिहीत. सोयीचा होता. वर कुणी विचारत नसे.

त्यांनी पेनाचं टोपण काढलं. 'आठवी उत्तीर्ण' लिहायला ते कोऱ्या दाखल्यावर टेकवलं.

"थांब," अक्का म्हणाली.

"थांबवू नकोस. मी लिहितो. माझ्यामुळे झालंय."

"तुझ्यामुळे झालंय, म्हणून माझ्या नावावर खोटं लिहिणार?" ती उठून त्यांच्या खुर्चीमागे आली. पटावर वाकली आणि बोट ठेवून वाचू लागली, हळूहळू, ओठ हलवत. "चौ-थी. व-र्गा-त प-हि-ली. हे मला माहीतच नव्हतं, बघ. पहिली आले होते मी?"

"तुला कुणी सांगितलं नाही?"

"निकालाच्या दिवशी आईला दम लागला होता. कोण जाणार आणायला?" तिचं बोट पुढे सरकलं. "स्व-खु-शी-ने." तिने त्या शब्दाखालून बोट एकदा फिरवलं. मग सरळ उभी राहिली. "बाळू, मला आठवी नको. मी चौथी पास आहे. अर्जात तेच लिहायचं."

"मग अर्ज नामंजूर होईल, आत्या," मुलगा म्हणाला. त्याला सुटल्यासारखं झालं होतं आणि त्याची लाजही वाटत होती. "माझ्याच हातून."

"नामंजूर करताना कारण लिहून द्यावं लागतं का रे?"

"लागतं. लेखी, अधिकाऱ्याच्या सहीने. नोंद वर जाते."

"प्रत्येकाला?"

"प्रत्येक अर्जाला."

अक्काने कागदाची पुन्हा चौघडी केली. "चपला कुठे आहेत माझ्या? पाचच्या आत वस्तीत पोचायला हवं. रविवारी सगळी घरी सापडतात."

छोटी उठून तिच्याबरोबर गेली. हेडमास्तरांच्या बायकोने मग ताटं गोळा केली आणि आपलं रडणं बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून नळ मोठा सोडला. नवरा पट मिटून तसाच बसला होता.

*

सोमवारी दहाला कचेरी उघडली तेव्हा खिडकीसमोर अक्का पहिली होती. तिच्या बाजूला हेडमास्तर इस्त्रीचा सदरा घालून उभे होते. मुलाने अर्ज घेतला, शिक्षणाच्या रकान्यातलं अक्काचं जाड, ओबडधोबड अक्षर वाचलं, आतल्या साहेबांकडे गेला आणि पाच मिनिटांनी छापील कागद घेऊन परतला.

अक्काने तो भिंतीशी धरून वाचला. खिडकीमागे मुलगा अवघडून उभा राहिला.

"हे काय लिहिलंस? उमेदवार अशिक्षित?"

"छापीलच आहे ते, आत्या. सगळ्यांना हेच..."

"खोड ते. मी पहिली आलेली आहे."

मुलाने मागे वळून साहेबांच्या दाराकडे पाहिलं. मग शब्दावर सरळ रेघ मारली आणि वर लिहिलं: 'उमेदवार इयत्ता चौथी, प्रथम क्रमांकाने उत्तीर्ण. नियमानुसार अपात्र.' बाजूला बारीक सही केली. इतक्या वर्षांच्या नोकरीत छापील मजकुरात त्याने केलेली ही पहिली खाडाखोड होती. साहेबांनी कागद परत पाहिला तेव्हा एक भुवई वर केली आणि न बोलता सही ठोकली.

तोवर जिन्यावर पावलं वाजू लागली होती. धुलाईखान्यातल्या बायका पहिल्या आल्या, रात्रपाळी संपवून, ओल्या केसांनी. मग विटा वाहणारा एक जण, शिवणकाम करणाऱ्या दोघी, इस्पितळाचा फाटकवाला, पत्र्याचे फुटके डबे डाग देऊन जोडणारा म्हातारा. हातात कोरे अर्ज. अक्का त्यांना ओळीत उभं करत होती, धुलाईखान्यात गठ्ठे लावावेत तशी, खांद्याला धरून.

बऱ्याच जणांना लिहिता येत नव्हतं. व्हरांड्यात एक लाकडी बाक होतं. हेडमास्तर त्यावर जाऊन बसले, खिशातलं पेन काढलं आणि म्हणाले, "इकडे या. मी लिहितो."

त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. अक्काने फक्त एकदा वळून पाहिलं.

त्या दिवशी तीन वाजेपर्यंत एकसष्ट अर्ज आले आणि एकसष्ट नामंजूर झाले. मुलाचं मनगट सुजलं. साहेबांनी दुपारी वरच्या कार्यालयाला फोन लावला आणि दार लोटून बराच वेळ बोलत राहिले. एकसष्ट लेखी नकारांची चौकशी लागली आणि खालच्या वस्तीची निवडणूक चार महिने पुढे गेली. त्या जागेवर सभासद नसताना त्या वस्तीबद्दलचा ठराव घेता येत नव्हता आणि तोवर शाळेचं नवं वर्ष सुरू झालं, म्हणून शाळेला एक वर्ष मिळालं, मग आणखी एक. नियम रद्द व्हायला मात्र सहा वर्षं लागली. हेडमास्तरांनी आपली शिफारस मागे घेतल्याचं पत्र दिलं, त्यावर कुणी उत्तर पाठवलं नाही. अक्काला निवडणुकीला उभं राहायला मिळालं नाही. नियम गेला तेव्हा ती जाऊन दीड वर्ष झालं होतं, आणि त्या जागेवर पुढे कोण निवडून आलं ही हकीकत निराळी.

पण हे सगळं नंतरचं. त्या सोमवारी हेडमास्तर बाकावर बसून नाव विचारत होते, वय विचारत होते, पत्ता विचारत होते आणि मग प्रत्येकाला तो एक प्रश्न. कितवीपर्यंत? तिसरी. शाळेतच गेलो नाही. सहावी, अर्धी. दुसरी. सुरुवातीला ते मान वर न करता लिहीत होते. मग मान वर करू लागले. काही चेहरे ओळखीचे वाटत होते आणि नावं आठवत नव्हती.

दोनच्या सुमारास एक बाई समोर बसली. चाळिशीची असेल. बोटाला शिवणाची टोपी तशीच होती.

"कितवीपर्यंत?"

"पाचवी."

"कुठली शाळा?"

"तुमचीच, सर."

त्यांनी पेन उचललं. "माझ्या वेळी?"

"तुम्हीच नाव कमी केलंत माझं पटावरून. महिनाभर गैरहजर होते म्हणून."

हेडमास्तरांनी तिचा चेहरा निरखला. त्यांना ती आठवली नाही. वर्षाला अशी वीस-पंचवीस नावं जात. लाल शाईची एक आडवी रेघ, आणि शेवटच्या रकान्यात तो सोयीचा शब्द.

"का येत नव्हतीस?" त्यांनी विचारलं.

बाईने अर्जाकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. तिच्या आवाजात राग नव्हता.

"हे तेव्हा विचारायला हवं होतंत, सर."

मागे ओळ थांबलेली होती. कुणीतरी खोकलं. हेडमास्तर बाकावर थोडे सरकले आणि त्यांनी तिला शेजारी जागा करून दिली.

"आज सांग," ते म्हणाले.